वाटणीला आलेली घंटा

आमच्या घराण्यात जमिनीपेक्षा पराक्रम जास्त. जमीन थोडी विकली गेली, थोडी कुळांकडे गेली, उरलेल्यातली निम्मी कॅनॉलमध्ये गेली. पराक्रम मात्र सातबाऱ्यावर नसल्यामुळे शाबूत राहिला. त्यातला सगळ्यांत मोठा वसईचा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तेव्हा फौजेत म्हणे आमचा एक पूर्वज होता. त्याचं नाव कोणी सांगत नाही आणि हुद्दा सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे चढत जातो. किल्ला पडल्यावर बाकीचे लोक विश्रांती घेत असताना या गृहस्थाने चर्चमधली एक घंटा उतरवली, खांद्यावर टाकली आणि थेट माढा तालुक्यातल्या आमच्या गावी आणून सोप्यात टांगली. वाटेत घाट आहे, भीमा आहे, घंटा एका माणसाला उचलत नाही आणि दोघांना नीट धरता येत नाही, असले प्रश्न लहानपणी पडत नाहीत. मला साठीनंतरही पडले नाहीत.

ही हकिकत आम्हाला आप्पा सांगायचे. आप्पा म्हणजे माझे आजोबा. ते पूर्वी ‘कंपनीत’ होते एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या कंपनीत, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

गावचं घर पाडायचं ठरलं तेव्हा वाटण्या झाल्या. धाकट्याला विहिरीतला हिस्सा, चुलतभावांना बांधावरचे आंबे, आणि पुण्यात राहतो, चार पुस्तकं वाचतो, अधूनमधून दिवाळी अंकात लिहितो म्हणून मला घंटा. मी अभिमानाने घरी फोन करून सांगितलं, ‘‘मला घंटा मिळाली!’’ तर पलीकडे मुलगा इतका हसायला लागला की बायकोला त्याच्या हातातून फोन घ्यावा लागला. आजच्या पिढीला इतिहासाबद्दल आस्था कशी नाही यावर मी तिला बरंच ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘अहो, तो इतिहासाला हसत नाहीये.’’

टेंभुर्णीपासून पुण्यापर्यंत घंटा डिकीत होती आणि तिचा लोलक बांधायचं मला सुचलं नव्हतं. त्यामुळे सोलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला डिकीतून घणघणाट होत होता. एका टोलनाक्यावर शेजारच्या टेम्पोतल्या म्हातारबांनी आमच्या गाडीला हात जोडले. मीही जोडले. मागच्याने हॉर्न वाजवला.

घरी आल्यावर पहिलं काम घासण्याचं. जुन्या वस्तूवरचा काळा थर खरवडायचा नसतो, तोच तिच्या वयाचा दाखला असतो, हे मला नंतर एका पुस्तकात वाचायला मिळालं. तोवर मी पाव किलो चिंच, मूठभर मीठ आणि पितांबरीचा अख्खा पुडा संपवला होता. मोरीत बसून दुपारभर घासलं, आणि संध्याकाळी उजेडात धरलं तर कडेच्या जरा वर, काळ्या डागांच्या मधून अक्षरं वर आली. रोमन अक्षरं! आधी बी, मग ए, मग एक घासलेली जागा, मग एस, मग आय. थोडं अंतर सोडून एल आणि आर. त्याखाली, अगदी ठसठशीत, १७.

मी मोरीतूनच ओरडलो. बायकोला वाटलं घसरलो.

वाचकहो, आता माझं तर्कशास्त्र पाहा. वसईला पोर्तुगीज ‘बासाईं’ म्हणत आणि इंग्रज ‘बॅसीन’. दोन्हींची सुरुवात बी-ए. मधल्या घासलेल्या जागी एक एस धरला की झालं ‘बासी’. इंग्रजी स्पेलिंगातला ई कारागिराने घाईत गाळला असावा, आणि शेवटच्या एनच्या वेळी त्याची जेवणाची सुट्टी झाली असावी. पोर्तुगीज चर्चच्या घंटेवर इंग्रजी स्पेलिंग कसं, हे मी तूर्त बाजूला ठेवलं. संशोधनात कधीकधी ठेवावं लागतं. एल म्हणजे लिस्बन, आर म्हणजे राजा, कारण पोर्तुगीजमध्येही राजाला ‘रेइ’ म्हणतात हे मी शोधून काढलं होतं. वसई पडली तेव्हा लिस्बनच्या गादीवर पाचवा जुआंव होता, १७०६ ते १७५० अशी त्याची कारकीर्द. मग १७ चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. १७०० आणि पुढचं काहीतरी. पुढचे दोन आकडे काळाने खाल्ले. राहता राहिली ती घासलेली जागा. तिच्यावर आडवेतिडवे चरे होते. ते तलवारीचे वार.

अक्षरं नीट उठून दिसावीत म्हणून त्यांच्यात पीठ चोळतात असं मी ऐकलं होतं. कोरडं पीठ म्हणतात, हे ऐकायचं राहिलं. मी बायकोने पोळ्यांसाठी भिजवून ठेवलेल्या कणकेतला गोळा घेऊन चोळला. रात्री तो वाळला, सकाळी मुंग्या लागल्या, आणि १७३९ सालची वसई मी पुढचे काही दिवस मुलाच्या जुन्या दात घासायच्या ब्रशने मोकळी करत होतो. पोळ्या त्या दिवशी पोळी-भाजी केंद्रातून आल्या.

मग म्हटलं, जाणकाराला दाखवू. पुण्यात तांब्यापितळेतला जाणकार तांबट आळीत. तिथल्या एका कारागिराने घंटेला मधल्या बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, कडेला नखाने ओरखडलं आणि म्हणाला, ‘‘मोडीत चांगली जाईल.’’ मी हरखलो. म्हटलं, रोमन अक्षरांखाली मोडी लिपीही आहे की काय! त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग शांतपणे काट्याकडे बोट दाखवलं आणि किलोचा भाव सांगितला. वर आणखी म्हणाला, ‘‘साहेब, ही निव्वळ पितळ. देवळातल्या जुन्या घंटा काशाच्या असतात.’’ कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. त्याने आवाज लांबतो, रेंगाळतो. पितळेत कथिलाच्या जागी जस्त, आणि आवाज येतो तो ठणकन येऊन लगेच बसतो. माझी घंटा ठणकन वाजत होती. पण मला वाटलं, या बिचाऱ्याला पोर्तुगीज पितळेची काय कल्पना!

आता खऱ्या वसईच्या घंटा काही कमी नाहीत. चिमाजी आप्पांच्या त्या मोहिमेतल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशकात गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळासमोर आहे, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे. तुलना करायला मी मेणवली निवडलं, कारण वाईत बायकोची मावशी असते आणि जेवणाची सोय होते.

मेणवलीची घंटा पाहिली आणि मी घरून आणलेले स्वतःच्या घंटेचे फोटो खिशात परत ठेवले. साडेसहाशे किलोचं ते धूड, वर १७०७ साल, आणि बालयेशूला घेतलेली मेरी. खाली कृष्णा, वर महादेव, मध्ये मेरी, आणि गावातल्या कोणालाही यात काही वावगं वाटत नाही, याचं मला खरोखर कौतुक वाटलं. अक्षरं जवळून बघावी म्हणून मी जमिनीवर आडवा झालो आणि जाळीतून मान वाकडी केली. त्या घाटावर ‘स्वदेस’ चित्रपटाचं चित्रीकरण झालेलं असल्यामुळे तिथे फोटो काढायला मंडळी सतत येत असतात. एका मुलीने तिच्या मैत्रिणीला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, ‘‘हे पण होते का गं पिक्चरमध्ये?’’ उठताना मान तशीच राहिली. वाईहून पुण्याला मी सगळा रस्ता डाव्या खिडकीतून पाहत आलो.

पण वाकडी का होईना, त्या मानेने एक गोष्ट पाहिली होती. मेणवलीच्या घंटेवरची आकृती आणि आकडे उठावाचे आहेत. साच्यातच उलटे करून ठेवायचे आणि धातू ओतला की घंटेच्या अंगचेच होऊन वर यायचे, अशी ती पद्धत. माझ्या घंटेवरची अक्षरं खोल होती, छिन्नीने मागाहून मारलेली. कोणालाही इथे थांबावंसं वाटलं असतं. मी थांबलो नाही. मोठ्या घंटांवर उठावाची आणि लहान घंटांवर खोलगट अक्षरं, असा एक नियम मी खंबाटकी उतरेपर्यंत तयार केला आणि घरी येऊन वहीत लिहून टाकला.

मग वसई. किल्ल्यात चर्चचे नुसते भग्न सांगाडे उभे आहेत, भिंती आहेत, मनोरे आहेत, कमानींतून वड-पिंपळ आलेत. मधोमध चिमाजी आप्पांचा पुतळा आहे. ओळखीच्या एकाने तिथल्या एका निवृत्त ख्रिस्ती मास्तरांची गाठ घालून दिली होती. मास्तर पांढराशुभ्र सदरा घालून आले, सगळा किल्ला फिरवला, वेढ्याची हकिकत तारखेवार सांगितली, चिमाजी आप्पांनी नवस फेडायला बांधलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाची आठवण केली, आणि तहात पोर्तुगीजांना चीजवस्तू घेऊन सन्मानाने बाहेर पडायची मुभा होती हेही सांगितलं. एका चर्चच्या सावलीत बसून मी फोटो दाखवले, लिस्बन आणि राजा समजावला, तलवारीचे वार दाखवले, शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, ‘‘मास्तर, आमच्या पूर्वजाने ही इथूनच नेली, याबद्दल आता शंका उरलेली नाही.’’

मास्तरांनी चष्मा पुसला. ‘‘म्हणजे ती आमची आहे.’’

‘‘तसंच म्हणायला हवं.’’

‘‘मग कधी देताय परत? टेम्पो मी पाठवतो.’’

मी हसलो. ते हसले नाहीत. अतिशय आर्जवाने त्यांनी सांगितलं की पॅरिशमध्ये शब्द टाकतो, छोटासा समारंभ करू, तुम्ही जोडीने या, जेवूनच जा. परतीच्या लोकलमध्ये मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपला पूर्वज वसईला गेला नसता तर बरं झालं असतं.

पण तोवर माझं भाषण ठरलं होतं. ‘वसईची घंटा : एक शोध’, आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात, महिन्याच्या सभेत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मुद्दाम गावाहून आला होता. घंटा टेबलावर, टेबलावर बायकोची पैठणी (तिला न विचारता), बाजूला मी. मी चौल-रेवदंड्यापासून सुरुवात केली. वेढ्यापर्यंत आलो तेव्हा मागच्या रांगेत दोघंजण झोपले होते, सुरुंग उडाले तेव्हा एक जागे झाले. शेवटी प्रश्नोत्तरं. दादा उठून म्हणाला की प्रश्न नाही, पण आमच्याकडे पानिपतावरून परत आलेला कंदीलही आहे, एका बाजूला लाल काच, एका बाजूला हिरवी, रात्रीच्या लढाईत आपला-परका ओळखायला वापरत. टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत एक गृहस्थ नव्हते. ते आमच्या सी विंगमधले, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते सावकाश पुढे आले, घंटा फिरवली, १७ वर अंगठा ठेवला आणि म्हणाले, ‘‘हा स्टॉकचा नंबर.’’

‘‘साल आहे ते. पुढचे आकडे...’’

‘‘पुढे आकडे नव्हतेच. बघा, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडलीय.’’ मग त्यांनी ती घासलेली जागा खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. ‘‘आणि इथे एस नाही. इथे आर होता. बी, ए, आर, एस, आय. बार्शी. एल, आर. बार्शी लाईट रेल्वे. स्टेशनातली घंटा आहे ही. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की ठोकायची.’’

सभागृहात सगळे जागे झाले.

गार्डसाहेबांचा आवाज मात्र ‘बार्शी लाईट’ म्हणताना हळवा झाला होता, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं माझं व्याख्यान त्यांनी केलं. ते माझ्यापेक्षा फारच चांगलं झालं, म्हणून थोडक्यात सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही रेल्वे उभी केली. रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. पण वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटायचं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त येऊ द्यायचं नाही, असा हिशेब त्याने बसवला, म्हणून हलके, स्वस्त रूळ टाकूनही भरपूर माल ओढता आला. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ साली पंढरपूर जोडलं, आणि मग आषाढीला डब्यांच्या टपापर्यंत वारकरी. १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही बनवली. इथे एका ज्येष्ठांनी शंका काढली की बार्शी लाईटमधून उडी मारायला छत्री कशाला हवी, लोक खाली उतरून विडी ओढून पुन्हा चढत. खासगी कंपनीची ही गाडी १९५४ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून सरकारने घेतली.

‘‘कंपनी?’’ मी विचारलं.

‘‘हो, कंपनीच. आमच्याकडे जुनी माणसं शेवटपर्यंत कंपनीत होतो असंच म्हणायची.’’

दादाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही. बायको पैठणीकडे पाहत होती. घंटेच्या बुडाला चिंचेचा ओलावा राहिला असावा, कारण मोरावर हिरवट गोल उमटला होता.

रात्री आत्याला फोन लावला. आत्या नव्वदीला टेकलेली, बार्शीला लेकाकडे असते, आणि तिची स्मरणशक्ती हा आमच्या घरात दहशतीचा विषय आहे. वसई, मेणवली, लिस्बन हे सगळं टाळून मी नुसतं विचारलं, ‘‘आत्या, आपल्या सोप्यातली घंटा कुठली गं?’’

‘‘कुठली म्हणजे? स्टेशनातली. आप्पा पॉइंट्समन नव्हते का?’’

‘‘मग वसईची?’’

‘‘अरे, कंपनी जायची वेळ आली, सरकारचे लोक सामानाची यादी करायला येणार म्हणाले, आणि कंपनीने आप्पांचा काहीतरी ओव्हरटाइम बुडवला होता. आप्पा म्हणाले, यादीआधी आपली भरपाई आपण करू. रात्री गाडीत कडब्याखाली घालून आणली. मी होते की कंदील धरायला. सोप्यात टांगली, तर दुसऱ्या दिवशी पाटील म्हणाले, काय हो, ही कुठली? आप्पांच्या तोंडातून निघालं, वसईची. वडिलोपार्जित. तेव्हापासून वसईची.’’

‘‘आणि ती अक्षरं? ते चरे?’’

‘‘कानशीने घासायला बसले होते सगळं नाव. एक अक्षर झालं, तेवढ्यात आई उठली. रात्रीबेरात्री हे काय कर्रकर्र लावलंय म्हणाली. दिलं मग सोडून. पुढे कोण वाचतंय, म्हणाले.’’

मी गप्प. तीनेक पिढ्यांत घराण्यातलं पहिलं माणूस ते वाचायला निघालं होतं, आणि त्यानेही ‘बासी’ वाचलं होतं. बार्शीपासून आमचं गाव जवळ. मी वळसा घातला तो थेट लिस्बनचा.

‘‘आत्या, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?’’

‘‘तू विचारलंस कधी? तुम्ही पुण्याची माणसं फोन करता ते स्वतःचं सांगायला.’’

वसईच्या मास्तरांना दुसऱ्या दिवशी मी आनंदाने कळवलं की समारंभ रद्द. ते म्हणाले, ‘‘अरेरे. मग ती रेल्वेला परत करणार असाल ना?’’ माणूस चांगला आहे, पण एका विषयावर अडून बसतो. गार्डसाहेबांचंही तेच मत पडलं. त्यांनी अर्ज कोणाला करायचा, कसा करायचा, सोबत काय जोडायचं, याचा कच्चा मसुदा इंग्रजीत लिहून आणून दिला. त्यात एक वाक्य होतं, सदर मालमत्ता अर्जदाराच्या ताब्यात कशी आली ते सविस्तर लिहावे. खाली सात ओळी मोकळ्या. मी त्या भरायला बसलो, ‘माझे आजोबा’ इतकं लिहिलं, आणि पेन्शनीतल्या माणसाने रेल्वेशी वैर घ्यावं का असा विचार करत पुन्हा आत्याला फोन लावला. म्हटलं, एखादी पावती, एखादा कागद, ओव्हरटाइमचा काही हिशेब?

‘‘कागद कसला! आप्पा कागद ठेवणाऱ्यातले नव्हते. सामान ठेवणाऱ्यातले होते.’’

‘‘म्हणजे? घंटेबरोबर आणखीही काही आलं?’’

‘‘मी काय धरून उभी होते सांगितलं ना तुला? तो कंदील काय परत नेऊन देणार होते? लाल-हिरव्या काचेचा. चांगला होता रे. कोणाकडे गेला वाटणीत?’’

मी अर्ज बाजूला सारला आणि दादाचा नंबर फिरवला.